दप्तराची राखण



वसंत व्याख्यानमालेत श्रोत्यांना इतिहास, काव्य, अध्यात्म, आणि फार झाले तर राजकारण ऐकण्याची सवय असते. आज आम्ही घेऊन आलेला विषय त्या मानाने अगदी रुक्ष आहे. कचेरीत जे कागद अनेकांच्या हातांखालून जातात, ते कोणी परस्पर बदलू नयेत, जागेवरून हलवू नयेत आणि नाहीसे करू नयेत, ह्यासाठी काय करावे, एवढाच तो विषय. हा तर कारकुनांच्या शिबिराचा विषय, तो कामगार चळवळीतल्या माणसाने कशासाठी घ्यावा, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. तिचे उत्तर आधी देतो.

आम्ही शाळेत थोडे शिकलो आणि कामगारांच्या खटल्यांत पुष्कळ शिकलो. त्या शिक्षणातला पहिला धडा असा की, गरिबाच्या हातात सत्ता नसते आणि पैसाही नसतो. असतो तो एखादा कागद, आणि तोही बहुधा दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेला असतो. जमीन माझी, पण सातबारा तलाठ्याकडे. घाम माझा, पण हजेरी मुकादमाकडे. बचत माझी, पण खतावणी पतपेढीच्या चिटणिसाकडे. तेव्हा ते कपाट कोण उघडतो, कोण लिहितो आणि लिहिलेले कोण खोडतो, हा प्रश्न कारकुनाचा नसून पोटाचा आहे.

एक उदाहरण घ्या. कामगारांच्या कायद्यात २४० ह्या आकड्याला फार महत्त्व आहे. बारा महिन्यांत कामगाराने २४० दिवस काम केले म्हणजे त्याची वर्षाची सलग नोकरी झाली असे धरतात. आणि ती झाली तरच त्याला कामावरून कमी करताना नोटीस आणि भरपाई ह्यांचे संरक्षण मिळते. २३९ दिवस भरले, तर तो माणूस उद्या सकाळी फाटकाबाहेर. हे दिवस मोजायचे कशावरून? हजेरीपटावरून. हजेरीपट कोणाच्या ताब्यात? मालकाच्या. आणि शाबीत कोणी करायचे? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, २४० दिवस भरल्याचे शाबीत करण्याची जबाबदारी कामगारावर आहे. त्याने नुसते शपथेवर सांगणे पुरेसे नाही. पुढे २००५ सालच्या दुसऱ्या एका निकालात, मालकाकडून हजेरीपट मागवण्याचा मार्ग कामगाराला मोकळा आहे, हेही न्यायालयाने सांगितले. परंतु मागवण्यापूर्वीच तो पट बदललेला असेल, तर त्या मोकळ्या मार्गाने चालून कामगार पोचणार कोठे?

आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी हंगामाच्या तोंडावर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर उचल घेतलेली असते आणि तिचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. सहा महिने उसाच्या फडात काढून टोळी परत येते, तेव्हा वही उघडली जाते आणि “इतके अंगावर राहिले” असे ऐकायला मिळते. कोणत्या दिवशी किती टन तुटला, किती खाडे लागले, हे लिहिणारा एक आणि फेडणारा दुसरा. वही खोटीच असते असे आमचे म्हणणे नाही. प्रामाणिक मुकादमही आम्ही पाहिले आहेत. पण वही खरी आहे की खोटी, हे ठरवण्याचे साधन ज्याच्या डोक्यावर कर्ज राहते त्याच्या हाती नसते, हे दुखणे प्रामाणिक मुकादमाच्या टोळीतही राहतेच.

आता ही वही संगणकात गेली आहे. कारखाना असो, नगरपालिका असो, शिक्षणसंस्था असो की पतपेढी असो, हजेरीचा तक्ता, पगारपत्रक, सभासदांची यादी, सभेचे इतिवृत्त हे सारे एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवलेले असते आणि पाच-दहा माणसे आपापल्या टेबलावरून ते एकाच वेळी उघडतात. सोय मोठी झाली, ह्यात शंका नाही. पण जुन्या वहीत खाडाखोड केली तर शाईचा डाग तरी मागे राहत असे. पान फाडले तर शिवणीत त्याचा तुकडा तरी अडकत असे. संगणकाच्या तक्त्यात २४३ चे २३९ करायला एक बोट पुरते, आणि वर पाहावे तर कागद कोरा करकरीत! एका कारखान्यात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. नाव घेण्याचे कारण नाही. तेथल्या हंगामी कामगारांनी दर पंधरवड्याला भिंतीवर लागणाऱ्या हजेरीच्या तक्त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले होते. हंगाम संपल्यावर जो तक्ता पुढे आला त्यात काही जणांचे दिवस कमी झालेले होते. फोटो समोर ठेवले, तेव्हा बोलणी सुरू झाली. फोटो नसते तर शब्दाविरुद्ध शब्द उभा राहिला असता, आणि अशा झुंजीत कोणाचा शब्द पडतो हे आपण जाणताच.

तर मग उपाय काय? पहिल्याने सुचतो तो कुलपाचा. पासवर्ड घाला, किल्ली साहेबांकडे ठेवा, म्हणजे झाले! आमचे म्हणणे असे की, नुसत्या कुलपाने दप्तर राखले जात नाही. कुलपाने फक्त किल्लीवाल्याची सोय होते. दप्तर राखले जाते ते तीन गोष्टींनी. लिहिणारे हात थोडे असावेत आणि वाचणारे डोळे पुष्कळ असावेत. झालेला प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि पूर्वी काय होते, हे त्याच कागदावर दिसत राहावे. आणि ज्याचे पोट त्या कागदावर अवलंबून आहे त्याच्याजवळ त्याची प्रत असावी. ह्या तीन गोष्टी आम्ही कोठून परदेशातून आणलेल्या नाहीत. आपल्याच मातीत त्या पूर्वीपासून आहेत.

आपल्या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, म्हणजे आपले मूळ ह्या तगराशी जोडीत. त्या काळचे राजे जमिनीचे दान देत ते ताम्रपटावर कोरून. ताम्रपटाची घडण कधी नीट पाहिली आहे काय? तांब्याचे दोन-तीन पत्रे. त्यांना भोक पाडून त्यातून एक कडी ओवलेली, आणि त्या कडीच्या सांध्यावर राजाची मुद्रा. कडी तोडल्यावाचून मधला पत्रा काढता येत नाही आणि नवा घालता येत नाही. पत्र्यांच्या कडा किंचित उचललेल्या, म्हणजे अक्षर अक्षरावर घासू नये. बाहेरच्या बाजू पुष्कळदा कोऱ्या ठेवलेल्या. आणि एवढे करूनही भागणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे शेवटी शापवचन. शिलाहारांच्या मुलखात तर दानाचा भंग करणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेले दगडच उभे केले, ज्यांना आपण गद्धेगाळ म्हणतो. शिवी असभ्य आहे खरी. पण तिच्यातला व्यवहार ध्यानात घ्या. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही चित्रावरून कळावे की, हा लेख मोडणे म्हणजे सर्वांसमक्ष नाक कापून घेणे आहे.

पुढे मराठी राज्यात कागद आला. शिवछत्रपतींच्या पत्रांवर माथ्याला मुद्रा असे आणि मजकूर संपला की तेथे मर्यादेचे मोर्तब असे. मोर्तबाखाली कोणी चार ओळी घुसडल्या तर त्या पत्राच्या नव्हेत, हे पाहताक्षणी उघड व्हावे, हा त्याचा उपयोग. गावच्या तंट्यात गोत बसे आणि निवाड्याचा महजर होई. त्यावर एकट्या कुलकर्ण्याची सही चालत नसे. पाटलाचा नांगर, सुताराचे हत्यार, न्हाव्याचा आरसा, अशा निशाण्या खाली उमटत. लिहिणारा एक, पण साक्षीदार सारा गाव. निरक्षर बलुतेदार लिहू शकत नव्हता. तरी त्याच्या निशाणीवाचून कागद पुरा होत नव्हता, हे आजच्या साक्षर लोकांनी विसरण्याजोगे नाही.

ह्या सर्वांत आम्हांला अधिक शहाणपणाचा वाटतो तो आपला गावचा फेरफार. सातबारावरील नाव बदलायचे असेल, तर तलाठ्याने एकदम सातबारावर लेखणी चालवायची नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, अनुक्रमांक घालून नोंद करायची. मग संबंधितांना नोटीस द्यायची आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे. हरकत आली तर ती वेगळ्या वहीत चढवायची. मग मंडळ अधिकाऱ्याने, म्हणजे दुसऱ्या माणसाने, ती नोंद तपासून प्रमाणित करायची. एवढे झाल्यावर सातबारावर बदल होतो; आणि तोही कसा? जुने नाव खोडायचे नाही. त्याला कंस करायचा, आणि नव्या नावाशी फेरफाराचा क्रमांक लिहायचा. पन्नास वर्षांनी कोणी नातू आला तर कंसातला आजोबा त्याला वाचता आला पाहिजे!

मंडळी, हा कंस म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. जगात बदल होणारच; माणसे मरतात, जमिनी विकतात, चुका होतात. दप्तर गोठवून ठेवणे हे त्याचे रक्षण नव्हे. बदल दिसेल असा करणे, हे रक्षण आहे. आज संगणकाचे जाणकार ज्याला ‘आवृत्त्यांचा इतिहास’ म्हणतात, तो आमच्या तलाठ्याच्या कंसातच आहे.

अर्थात, नियम चांगला म्हणून राखण आपोआप होत नाही. लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठी महसूल संहितेत कलम १५५ ठेवलेले आहे. हाताने लिहिलेला सातबारा संगणकात उतरवताना चुका झाल्या, त्या सुधारायला हे कलम आवश्यकच होते. परंतु ‘चूकदुरुस्ती’ ह्या नावाखाली हक्कच बदलले जात असल्याच्या तक्रारी आल्या, आणि २०२५ साली पुणे जिल्ह्यातील अशा आदेशांची चौकशी लावण्याची वेळ शासनावर आली. धडा स्पष्ट आहे. कोणत्याही बंदोबस्तात एक चोरदरवाजा सोयीसाठी ठेवलेला असतो. राखणदाराने पुढच्या दारापेक्षा तिकडे जास्त पाहावे.

उलट, चांगले उदाहरणही ह्याच खात्याचे आहे. २०१७ साली संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडीवाचन झाले. गावकरी जमवायचे, तलाठ्याने प्रत्येकाचा उतारा मोठ्याने वाचायचा, आणि ज्याचे नाव, क्षेत्र किंवा हिस्सा चुकला असेल त्याने तेथेच सांगायचे. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले. म्हणजे आधी गावाच्या कानांवरून गेले, मग त्यावर सही चढली. हा क्रम महत्त्वाचा आहे. चुकीच्या कागदावर मजबूत कुलूप लावले, तर ती चूकच अमर होते.

आता ज्याच्याविषयी कागद आहे त्याला तो दाखवलाच नाही, तर काय होते? ज्या १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव सावकारांची घरे घेरली गेली. लोकांनी काय मागितले? सोने नव्हे, धान्य नव्हे. कर्जरोखे आणि वह्या मागितल्या, आणि बहुतेक ठिकाणी त्याच जाळल्या. त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या लोकांना नेमके कळले होते की, आपल्या गळ्यातला फास दोरीचा नसून कागदाचा आहे. सावकाराच्या पेटीला कुलूप नव्हते काय? चांगले भक्कम होते. पण एकाच पक्षाच्या ताब्यातले दप्तर दुसऱ्या पक्षाला आपले वाटत नाही; आणि जे आपले वाटत नाही त्याची राखण कोणी करीत नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यालाही तो लागू होता. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या कायद्यात सावकाराने ऋणकोला पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, पासबुक द्यावे, अशी कलमे होती. म्हणजे आग विझवायला सरकारने जे पाणी शोधले ते हेच, की ऋणकोच्या हातातही एक वही असावी.

प्रत दुसरीकडे असण्याचा फायदा आपल्या मराठवाड्याने अलीकडेच पाहिला. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या समितीच्या कामासाठी निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यास आरंभ झाला. त्या प्रश्नाच्या राजकारणात आज आम्ही शिरत नाही. पण ह्या शोधासाठी तहसिलींचे आणि शाळांचे जुने बस्ते सोडले गेले. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे हुडकून आणावी लागली. महसुली पत्रके, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळेचे प्रवेश-निर्गम असे निरनिराळे कागद तपासले गेले. एका घराण्याची खूण एका वहीत वाळवीने खाल्ली, तर दुसऱ्या खात्याच्या दुसऱ्या वहीत ती सापडण्याची आशा राहिली. राज्ये बदलली, भाषा बदलली, जिल्ह्याचे नावही बदलले; कोणा अज्ञात कारकुनाने जपून बांधलेला रुमाल तेवढा टिकला. त्या कारकुनाला आमचा नमस्कार असो.

इतके सांगितल्यावर आता संगणकातल्या सामाईक दप्तराकडे वळतो. त्याला तीन भये आहेत: कोणी बदलील, कोणी हलवील, कोणी पुसून टाकील. तिन्हींचे उपाय निराळे आहेत.

पहिले, बदलण्याचे. सामाईक फाईल देताना पाहणारा, शेरा देणारा आणि दुरुस्ती करणारा असे तीन अधिकार देता येतात. आपल्या संस्थांत सर्रास दहाही जणांना तिसरा अधिकार दिलेला असतो, कारण ‘उगाच अडायला नको’. येथेच घसरण सुरू होते. हजेरी भरणाऱ्याला त्याच्या विभागाच्या रकान्यापुरती लेखणी द्यावी. बाकीच्यांना डोळे द्यावेत. तक्त्याला ‘संरक्षण’ लावले म्हणजे झाले, असे मात्र मानू नये. एक्सेलमधले शीटचे संरक्षण ही कडी आहे, कुलूप नव्हे. चुकून हात लागू नये एवढ्यापुरतीच ती आहे, असे ते बनवणारी कंपनीच सांगते. महिना संपला की तो तक्ता बंद करावा, त्याची पीडीएफ काढून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि मग दुरुस्ती लागलीच तर ती पुढच्या महिन्यात वेगळी नोंद करून दाखवावी. हा आपला कंसच झाला. आणखी एक बारकावा आहे. गूगलच्या तक्त्यात जुन्या आवृत्त्या पाहायला मिळतात, पण त्या दुरुस्तीचा अधिकार असलेल्यालाच. नुसत्या वाचकाला दिसत नाहीत. आणि कोणी त्या तक्त्याची नवी प्रत काढली, तर प्रतीचा इतिहास कोरा असतो. म्हणून कामगारांच्या किंवा सभासदांच्या एका तरी विश्वासू प्रतिनिधीला हा इतिहास पाहता यावा, अशी मागणी आम्ही करतो.

फाईल बदलली की नाही, हे ओळखण्याची आणखी एक युक्ती संगणकात आहे. तिला हॅश म्हणतात. फाईलवरून गणिताने एक लांबलचक खूण काढतात. आत एक स्वल्पविराम बदलला तरी खूण पार बदलते. हा जणू त्या फाईलचा अंगठा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात, संगणकातील पुरावा कोर्टात देताना जोडायच्या प्रमाणपत्रात ह्या खुणेला जागा दिलेली आहे. महिन्याचा तक्ता बंद झाला की त्याचा अंगठा घेऊन तो इतिवृत्तात लिहून ठेवावा. खर्च शून्य.

दुसरे भय हलवण्याचे. जुन्या कचेऱ्यांत म्हण होती की, चुकीच्या रुमालात बांधलेला कागद जाळल्यासारखाच. म्हणून आवक-जावक बारनिशी असे, आणि फाईल बाहेर गेली तर तिच्या जागी चिठ्ठी ठेवण्याची रीत असे. संगणकात फोल्डर माउसने ओढून दुसऱ्या फोल्डरात पडायला निमिष पुरते. फाईल जिवंत असते. पण कोणाला सापडत नाही, आणि मग ‘गहाळ’ हा गोड शब्द वापरला जातो. ह्यावर उपाय साधा आहे. फोल्डरांची रचना ठरवून तिची यादी भिंतीवर लावावी, आणि ती बदलण्याचा अधिकार एकदोघांनाच ठेवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते दप्तर संस्थेच्या खात्यावर असावे. पुष्कळ संस्थांचे दप्तर एखाद्या कारकुनाच्या खाजगी खात्यावर असते. तो निवृत्त झाला, रुसला किंवा वारला की संस्था भिकारी! शिवाय खाजगी खाते दोन वर्षे वापरात नसले तर गूगल ते पुसून टाकू शकते, असा त्या कंपनीचा २०२३ सालापासूनचा नियम आहे.

तिसरे भय पुसण्याचे. गूगल ड्राइव्हमध्ये पुसलेली फाईल कचरापेटीत ३० दिवस राहते. नंतर ती कायमची जाते. म्हणजे तीस दिवसांत कोणी तरी दप्तराची मोजदाद केलीच पाहिजे. गुराखी रोज संध्याकाळी गुरे मोजतो. आपण महिन्याला एकदा फाईली मोजू नयेत? आणि मूळ प्रत एका जागी असेल तर दुसऱ्या जागी, निराळ्या साधनावर, आणखी प्रती असाव्यात. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे प्राणास मुकली आणि फाईलींचे ढीग जळाले. ज्यांच्या अर्जाची दुसरी प्रत कोठेच नव्हती त्यांचे काय झाले असेल, ह्याचा विचार करा. आणि प्रत आहे असे नुसते मानूनही भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब ह्या परदेशी कंपनीत एका थकलेल्या अभियंत्याने रात्री चुकीच्या यंत्रावरची माहिती पुसली. राखीव प्रतींची पाच साधने त्यांच्याकडे होती. ऐन वेळी एकही धड चालले नाही. सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेली एक प्रत होती, तिने लाज राखली. तेव्हा वर्षातून एकदा राखीव प्रत उघडून, तीतून दप्तर पुन्हा उभे करून पाहावे. बंब आहे, पण पाणी आहे काय?

पुसणे सर्वकाळ पापच असते, असेही नव्हे. सरकारी दप्तरात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. ‘अ’ कायमचा, ‘ड’ वर्षभराचा. मुदत संपलेला कागद यादी करून, वरिष्ठाची सही घेऊन नष्ट करतात. यादी करून जाळणे हा कारभार. यादीवाचून जाळणे हा गुन्हा. संगणकातली माहिती परवानगीवाचून पुसणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली शिक्षाही आहे.

ह्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, सर्वांना सर्व वाचू दिले तर लोकांचे बँक खाते, आधार क्रमांक, आजारपण चव्हाट्यावर येईल. आक्षेप खरा आहे. म्हणून ज्याची ओळ त्याला दिसावी आणि सर्वांची बेरीज सर्वांना दिसावी. शेजाऱ्याचे खाते शेजाऱ्याने वाचण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप अधिक गोड आहे. “आपल्या संस्थेत सारे घरचेच आहेत, एवढा अविश्वास कशासाठी?” त्याला आमचे उत्तर कारकुनाच्या बाजूने आहे. संगणकावर बसणारा मुलगा आज बहुधा कंत्राटी असतो. वरून फोन येतो, “एवढा आकडा बदल.” त्याने काय करावे? नाही म्हटले तर नोकरी जाते. हो म्हटले तर पुढे चौकशीत बळी त्याचाच जातो, कारण बोट त्याचे असते. पण दोघांच्या मंजुरीवाचून आकडा बदलतच नसेल आणि बदलला तर हुकूम देणाऱ्याचे नाव उमटत असेल, तर तो मुलगा मान वर करून म्हणू शकतो, “साहेब, ते माझ्या हातात नाही.” प्रामाणिक माणसाला प्रामाणिक राहणे परवडावे, ह्यासाठी ही व्यवस्था आहे. ती अविश्वासाची नसून त्या पोराच्या पाठीशी उभे राहण्याची आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या संस्थेचे सभासद आहेत: पतपेढी, शाळेची समिती, सोसायटी, देवस्थान, ग्रामपंचायत. येत्या सभेत एवढे विचारा. आपले दप्तर कोणाच्या खात्यावर आहे? लिहिण्याचा अधिकार कितीजणांना आहे, आणि कशासाठी? मागच्या महिन्यात काय बदलले, हे दाखवता येईल काय? राखीव प्रत शेवटची कधी उघडून पाहिली? आणि सभासदाला त्याची स्वतःची नोंद मागितल्यावर किती दिवसांत मिळते? ही विचारणा म्हणजे भांडण नव्हे. सरकारी कचेरीत विचारायचे असेल, तर १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे. तो सणासुदीला घालायचा दागिना समजून पेटीत ठेवू नका.

आणि घरी गेल्यावर आपला सातबारा, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक आणि हजेरीचा फोटो एका पिशवीत आणि एका मोबाईलमध्ये ठेवा, तसेच घरातल्या दुसऱ्या माणसालाही ते दाखवून ठेवा. पीक हुरड्याला आले की आपण माळ्यावर चढून गोफण हातात घेतो; पाखरे येणार नाहीत, असा विश्वास टाकून घरी झोपत नाही. दप्तर हेही आपलेच पीक आहे. कित्येक वर्षांचा घाम त्यात आकडा होऊन पडलेला असतो. त्याची राखण सरकार करील, साहेब करील, यंत्र करील, असे म्हणत बसू नये. त्यांनी ती करावीच. पण माळ्यावर आपला माणूस हवा.